हृदयातील जाळरेषा

सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवा आणि उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, हलकेच टेकवा. नाडी लागली? आता पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. तुमच्यापैकी बहुतेकांची संख्या ७० ते ९० च्या दरम्यान येईल. पण आज आपल्याला संख्येपेक्षा दोन ठोक्यांमधील अंतराकडे लक्ष द्यायचे आहे. श्वास सावकाश आत घ्या, सावकाश बाहेर सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांब जातात. तुमच्या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. त्याला रोग समजू नका.

काही माणसांच्या नाडीत मात्र कोणताच क्रम सापडत नाही. दोन ठोके लागोपाठ येतात, मग मध्येच पोकळी, मग एक दुबळा ठोका, पुन्हा तीन घाईघाईने. कितीही वेळ बोट धरून बसा, पुढचा ठोका केव्हा येईल हे सांगता येत नाही. अशा अनियमिततेचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. आपण त्याला कर्णिकांची थरथर म्हणू. या विकारावर औषधे आहेत. पण काही रोग्यांवर चक्क शस्त्रक्रिया करतात, हे वाचून मला प्रथम मोठे नवल वाटले होते. हृदयाची झडप बिघडली तर ती दुरुस्त करता येते किंवा बदलता येते, हे समजते. परंतु ताल ही काही वस्तू नव्हे. मग शल्यचिकित्सक कापतो तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि ते आपल्या माणदेशातल्या कोणत्याही गुराख्याला चटकन पटेल असे आहे.

ढोल आणि रिंगण

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना जुन्या पुस्तकांत कर्णिका आणि खालच्या दोहोंना जवनिका म्हणत. तुमच्या पाठ्यपुस्तकात अलिंद आणि निलय ही नावे असतील. मला जुनी नावे जवळची वाटतात, म्हणून तीच वापरतो. कर्णिका आधी आकुंचन पावतात व आपले रक्त जवनिकांत ढकलतात. त्यानंतर सुमारे दशांश सेकंदाने जवनिका आकुंचन पावतात आणि रक्त शरीरभर व फुप्फुसांकडे जाते.

हा ठेका धरतो कोण? मेंदू नव्हे. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक बारीक पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक नावाचा त्यांचा एक वैद्यकीय विद्यार्थी यांनी १९०७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पुंजका आपणहून, मिनिटाला साठ-सत्तर वेळा, विद्युत्‌स्पंद निर्माण करतो. मेंदूकडून येणाऱ्या चेता त्याला ‘जरा जलद’ किंवा ‘जरा सावकाश’ एवढेच सांगतात. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. पण अशा प्रत्येक आरोपणात एक गोष्ट दिसते : दुसऱ्याच्या छातीतून काढलेले, सर्व चेता तुटलेले हृदय रक्तपुरवठा मिळताच पुन्हा ठोके देऊ शकते. ढोल हृदयाच्या आतच असतो.

म्हसवडच्या परिसरात धनगरी गजी नाच पाहिलेल्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. ढोलाचा एक ठेका पडतो आणि रिंगणातले सगळे एकदम पाऊल टाकतात. आता कल्पना करा, की रिंगणातल्या प्रत्येक चार माणसांनी आपापला निराळा ठेका धरला. माणसे तीच, श्रमही तेवढेच; पण नाच मोडला. कर्णिकांची थरथर म्हणजे नेमके हेच. स्नायूचे धागे मिनिटाला ३५० ते ६०० वेळा, पण आपापल्या परीने, आखडत राहतात. कर्णिका आकुंचन पावत नाही, नुसती कापत राहते.

कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये तंतुमय पडदा आहे आणि तो विजेला वाट देत नाही. निरोगी हृदयात त्या पडद्यात एकच दार असते. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञाने जर्मनीत काम करीत असताना १९०६ साली या दाराचे वर्णन केले. दारात उभा असलेला पेशींचा पुंजका प्रत्येक स्पंदाला क्षणभर थांबवून मगच पुढे सोडतो. वरून सहाशे स्पंद आदळू लागले तर हा दारवान त्यातले सुमारे सव्वाशे-दीडशेच आत सोडतो, तेही वाटेल तसे. म्हणून नाडी जलद आणि बेताल लागते. दारवान नसता तर जवनिकाही कापू लागल्या असत्या आणि माणूस काही मिनिटांतच दगावला असता.

वणवा

स्पंद कर्णिकेत पसरतो तो तारेतून वीज जावी तसा नाही. एक पेशी पेटते आणि शेजारणीला पेटवते, ती तिच्या शेजारणीला. म्हणून त्याचा वेग सेकंदाला अर्धा ते एक मीटर एवढाच असतो. तुम्ही रमतगमत चालता त्याहून फार वेगळा नाही. एकदा पेटलेली पेशी काही काळ पुन्हा पेटू शकत नाही. या काळाला आपण विश्रांतिकाल म्हणू. तो साधारणपणे पाव सेकंदाचा असतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडे डोंगरउतारावरचे गवत वाळून पिवळे होते आणि कधी कधी रात्री दूरवर आगीची बारीक रेषा सरकताना दिसते. ती रेषा नेहमी पुढेच जाते. मागे वळत नाही, कारण मागे राख असते. दोन बाजूंनी आलेल्या आगी समोरासमोर भेटल्या तर दोन्ही विझतात, कारण दोघींच्याही पुढे जळलेले रान असते. हृदयातल्या लाटेचे अगदी असेच आहे. फरक एवढाच, की हृदयातले गवत पाव सेकंदात पुन्हा उगवते.

आता एक विचित्र शक्यता ध्यानात घ्या. आग एखाद्या खडकाळ टेकाडाला वळसा घालून गेली आणि फिरून मूळ जागी येईपर्यंत तिथे नवे गवत उगवलेले असले तर? मग ती पुन्हा पेटवील, पुन्हा वळसा घालील. खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरतात तशी ती फिरतच राहील. बाहेरून काडी लावण्याची गरजच उरणार नाही.

हे कल्पनेत नव्हे, प्रयोगात दिसले. अमेरिकेचे आल्फ्रेड मेयर यांनी १९०६ साली जेलीफिश या समुद्रप्राण्याच्या अंगाची कडी कापून घेतली आणि तिच्यात एकाच दिशेने जाणारी लाट निर्माण केली. ती लाट कित्येक दिवस गोल फिरत राहिली. जॉर्ज माइन्स या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये कासवाच्या हृदयाच्या कड्यांवर असेच प्रयोग केले आणि एक साधी कसोटी सांगितली : कडी एका ठिकाणी कापा. स्पंद थांबले तर ते फिरत्या लाटेमुळे होते; चालूच राहिले तर कारण दुसरे शोधा. माइन्स १९१४ साली वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षी वॉल्टर गॅरी यांनी थरथरणाऱ्या हृदयस्नायूचे तुकडे केले. मोठा तुकडा थरथरत राहिला, लहान तुकडे शांत झाले. या दोन प्रयोगांत आजच्या शस्त्रक्रियेची सगळी कल्पना आली आहे. ती हृदयावर वापरण्याइतपत शल्यशास्त्र पुढे यायला मात्र आणखी सत्तर वर्षे लागली!

लहान तुकडा का थांबतो, याचे गणित तुम्हीही करू शकता. फिरत्या लाटेला निदान किती लांबीचा रस्ता हवा? लाट विश्रांतिकालात जेवढे अंतर तोडते तेवढा. त्याहून आखूड रस्त्यावर ती परत येईल तेव्हा समोर राखच असेल. उदाहरणादाखल निरोगी कर्णिकेत वेग सेकंदाला ८० सेंटिमीटर आणि विश्रांतिकाल ०.२५ सेकंद धरा. गुणाकार २० सेंटिमीटर. सुमारे चार सेंटिमीटर रुंदीच्या कर्णिकेत एवढे मोठे रिंगण सहसा मावत नाही. आता कर्णिका रोगाने ताणून मोठी झाली, वेग ४० वर आला आणि विश्रांतिकाल ०.१२ सेकंद झाला, असे समजा. गुणाकार पाच सेंटिमीटरांहूनही कमी. आता एक सोडून तीन-चार रिंगणे एकाच वेळी मावतील आणि एकमेकांना धडकत, फुटत, नवी रिंगणे काढत भटकत राहतील.

घशापासून हृदयापर्यंत

कर्णिका ताणून मोठी का होते? वाढते वय, वर्षानुवर्षे राहिलेला रक्तदाब ही कारणे जगभर आहेत. आपल्या देशात त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते तुमच्या वयाशी निगडित असल्यामुळे जरा थांबून सांगतो.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे घसा सुजून ताप येतो. बहुतेक मुले बरी होतात. काहींना मात्र दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि गुडघे, घोटे आळीपाळीने सुजतात. हा संधिवाताचा ताप. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. सांधे पूर्ववत होतात. झडपांवर मात्र व्रण राहू शकतात. डाव्या कर्णिकेखालची झडप आकसली, की रक्त मागे तुंबते, कर्णिका फुगत जाते आणि तिशी-चाळिशीतच थरथर सुरू होते. घशाच्या दुखण्यावर वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हा पुढचा सगळा प्रवास टळू शकतो. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते मध्येच सोडले, की नवा हल्ला होण्याचा धोका असतो. शिक्षकांनी हे जरूर लक्षात ठेवावे : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत होणाऱ्या तपासणीच्या यादीत हा हृदयविकार आहे. तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे टिपून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

थरथरीने माणूस लगेच मरत नाही. दम लागतो, थकवा येतो, छातीत धडधडते. खरा धोका वेगळाच आहे. डाव्या कर्णिकेला अंगठ्याएवढी एक पिशवी चिकटलेली असते. कर्णिका नीट आखडली नाही, की या पिशवीत रक्त साचून राहते व गोठते. ती गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली, की पक्षाघात. कर्णिकांची थरथर असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. रक्त गोठू न देणारी औषधे डॉक्टर देतात ती याचसाठी. बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

शल्यचिकित्सकाची जाळरेषा

वणवा डोंगरभर पसरू नये म्हणून वनखाते काय करते? उन्हाळ्यापूर्वी रानातून गवताचे पट्टे मुद्दाम कापून, जाळून मोकळे करते. त्यांना जाळरेषा म्हणतात. आग त्या रेषेपर्यंत येते आणि पुढे खायला काही नाही म्हणून विझते. शल्यचिकित्सक हृदयात हेच करतो. कापलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो आणि व्रणातून स्पंद जात नाही.

पहिली रेषा १९६८ साली ओढली गेली, ती थरथरीसाठी नव्हे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल्यम सीली यांच्यासमोर एक कोळी रोगी होता. त्याच्या कर्णिका-जवनिकांमधल्या पडद्यात जन्मतःच एक जास्तीचे दार राहिले होते. लाट एका दाराने खाली उतरे आणि दुसऱ्याने वर चढे, व हृदय बेफाम धावे. सीली यांनी ते चोरदार शोधून कापले आणि विकार गेला. माइन्सची कडी प्रथमच जिवंत माणसात तोडली गेली.

थरथरीत एकच ठरलेली वाट नसते, म्हणून तिथे एका रेषेने भागत नाही. सेंट लुईस येथील जेम्स कॉक्स यांनी वर्षानुवर्षे प्राण्यांवर प्रयोग करून १९८७ साली पहिल्या रोग्यावर जी शस्त्रक्रिया केली तिचे नाव मेझ, म्हणजे भूलभुलैया. कर्णिकांच्या भिंतीत भोके पुष्कळ असतात. डाव्या कर्णिकेत फुप्फुसांकडून येणाऱ्या सहसा चार शिरांची तोंडे, उजवीत दोन महाशिरांची. प्रत्येक भोक म्हणजे एक तिवडा. त्याभोवती लाट फिरू शकते. कॉक्स यांनी रेषा अशा आखल्या, की कोणत्याही भोकाला पूर्ण वळसा घालता येऊ नये आणि दोन रेषांमध्ये रिंगण मावेल एवढी मोकळी जागा राहू नये. पण सगळेच कापून टाकले तर ढोलाचा ठेका दारापर्यंत पोचणार कसा? म्हणून ढोलकऱ्यापासून दारापर्यंत एक वाट मोकळी ठेवायची आणि तिला आंधळ्या गल्ल्या फोडायच्या. लाट प्रत्येक गल्लीत शिरेल, तिथल्या स्नायूला आखडवील आणि टोकाला जाऊन विझेल. अभिमन्यूसारखे आहे पाहा : आत शिरता येते, परत फिरता येत नाही.

सुरुवातीला हे सर्व सुरीने कापून पुन्हा शिवावे लागे. त्यासाठी छाती उघडून, हृदय थांबवून, रक्ताभिसरणाचे काम यंत्रावर सोपवावे लागे. पुढे कापण्याऐवजी गोठवणे किंवा भाजणे आले. गोठवण्यासाठी सळईच्या टोकाशी दाबाखालचा वायू प्रसरण पाववतात. तापमान शून्याखाली साठ अंश किंवा त्याहूनही खाली जाते. भाजण्यासाठी सुमारे ५०० किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. आकाशवाणीचे सांगली केंद्र मध्यम लहरींवर वर्षानुवर्षे १२५१ किलोहर्ट्झला ऐकले गेले. म्हणजे हा प्रवाह जवळजवळ रेडिओच्याच घरातला. घरातल्या ५० हर्ट्झच्या प्रवाहाने स्नायू आखडतो, मग याने का नाही? दिशा इतक्या झपाट्याने बदलते, की पेशीला पेटायला उसंतच मिळत नाही. उष्णता मात्र निर्माण होते आणि ५० अंश सेल्सिअसच्या वर पेशी कायमची मरते. रेषा सलग आणि भिंतीच्या पूर्ण जाडीइतकी खोल हवी. मध्ये काही मिलिमीटरांची फट राहिली तरी आग त्या फटीतून पलीकडे जाते.

बोर्दो येथील मिशेल हायसागेर यांनी १९९८ साली दाखवून दिले, की अनेक रोग्यांत वणव्याची पहिली ठिणगी फुप्फुसशिरांच्या तोंडातच पडते. त्यांना सापडलेल्या ठिणग्यांपैकी ९४ टक्के तिथल्या होत्या. म्हणून आज पुष्कळदा छाती न उघडता, जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि या तोंडांभोवती वर्तुळाकार व्रण करतात. मग उघडी शस्त्रक्रिया कोणावर? मुख्यतः ज्यांची छाती झडपेसारख्या कारणासाठी उघडायचीच आहे त्यांच्यावर. संधिवाताच्या तापाने झडप गेलेले रोगी याच गटात येतात.

गुण किती येतो? झडपेच्या शस्त्रक्रियेला आलेल्या, थरथर असलेल्या २६० रोग्यांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. जाळरेषाही ओढलेल्यांपैकी ६३ टक्के वर्षअखेरीला थरथरीतून मुक्त होते. नुसती झडप दुरुस्त केलेल्यांपैकी २९ टक्के. फरक मोठा आहे. पण पहिल्या गटात पेसमेकर बसवावा लागण्याचे प्रमाण अडीचपटीहून अधिक होते आणि त्या वर्षातील मृत्यूंच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक नव्हता. मला वाटते, ‘शस्त्रक्रिया केली की बरा’ असे सांगणाऱ्याला हे दोन्ही आकडे विचारावेत. गुठळीची ती पिशवी बंद करण्याचा फायदा अधिक स्पष्ट दिसला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ४,८०० रोग्यांच्या चाचणीत, सरासरी पावणेचार वर्षांत, पिशवी बंद केलेल्यांपैकी ४.८ टक्के आणि न केलेल्यांपैकी ७ टक्के लोकांना पक्षाघात किंवा तशीच गुठळीची बाधा झाली. बहुतेकांची औषधे दोन्ही गटांत चालूच होती.

वर पेसमेकरचा उल्लेख आला, तो ढोलकरीच दुबळा झालेल्यांसाठी किंवा दार बंद पडलेल्यांसाठी. छातीच्या कातडीखाली बसवलेली ही बॅटरीची डबी ठराविक वेळाने स्पंद देते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेला पहिला पेसमेकर ओके सेनिंग यांनी बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे नवनवे बसवीत लार्सन २००१ पर्यंत जगले, अभियंत्याच्या आणि शल्यचिकित्सकाच्याही पश्चात.

आता वही काढा. एका कोऱ्या पानावर पानभर लंबवर्तुळ काढा. ही कर्णिकेची उलगडलेली भिंत आणि कड म्हणजे झडपेचे कडे, जिथे लाट विझते. आत सहा भोके काढा. वरच्या टोकाला ‘ढो’ म्हणजे ढोलकरी, खालच्या टोकाला ‘दा’ म्हणजे दार, असे दोन ठिपके द्या. लाल पेन्सिलीने जाळरेषा अशा ओढा, की कोणत्याही भोकाला पूर्ण वळसा घालता येणार नाही आणि एखादी बांगडी रेषेला न शिवता बसेल एवढी मोकळी जागा कोठेही उरणार नाही. इशारा : प्रत्येक भोक रेषेने कुठल्या ना कुठल्या वाटेने कडेला जोडले गेले पाहिजे. झाल्यावर वही शेजाऱ्याला द्या. ‘ढो’ पासून निघून, लाल रेषा न ओलांडता, त्याला पानाच्या प्रत्येक कोपऱ्यात आणि शेवटी ‘दा’ पर्यंत पोचता आले पाहिजे.